माद्या सावरल्या, पिल्ले का दगावली?

प्रश्न : आमच्या वराहपालन केंद्रात एकाच आठवड्यात तीन माद्या व्याल्या. चौथ्या दिवशी पिल्लांना उलट्या आणि पाण्यासारखी पिवळसर हगवण सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ सगळी पिल्ले गेली. माद्यांनीही खाणे टाकले होते, पण त्या सावरल्या. तपासणीत कोरोना विषाणू आढळला. हा माणसांना होणाराच आजार आहे का? प्रतिजैविके देऊनही पिल्ले का वाचली नाहीत?

उत्तर : तुमचे नुकसान मोठे आहे आणि ते तुमच्या हेळसांडीमुळेच झाले असे कृपया समजू नका. वर्णनावरून हा पोर्साइन एपिडेमिक डायरिया, म्हणजेच पीईडी, दिसतो. नेमका विषाणू अहवालात पाहून घ्यावा, कारण डुकरांच्या आणखी काही कोरोना विषाणूंमुळे अशीच हगवण होते. पीईडीचा विषाणू कोविडच्या विषाणूहून वेगळा आहे. तो माणसाला बाधत नाही. हा आजार 1971 मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम दिसला, 1978 मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी त्याचा विषाणू ओळखला आणि 2013 मध्ये तो अमेरिकेत पोहोचल्यावर तेथे लाखो पिल्ले दगावली.

दगावलेल्या पिल्लाचे शवविच्छेदन पाहिले की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर येते. जठरात न पचलेल्या दुधाच्या गुठळ्या असतात, तर लहान आतड्याची भिंत इतकी पातळ झालेली असते की आतला पिवळा द्रव बाहेरून दिसतो. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम त्यांच्यावरील पेशी करतात. विषाणू नेमक्या याच पेशी नष्ट करतो. उंचवटे खुजे होतात, दूध पचत नाही आणि शरीरातले पाणी व क्षार हगवणीवाटे वाहून जातात. मोठ्या जनावरात या पेशी दोन-तीन दिवसांत नव्याने तयार होतात, पण नवजात पिल्लाला त्यासाठी जवळजवळ आठवडा लागतो आणि तेवढा वेळ त्याच्याजवळ नसतो. म्हणूनच एका आठवड्याहून लहान पिल्लांमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंतही जाते. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही. या आजारावर थेट औषध नाही. पिल्लांना ऊब, स्वच्छ पाणी आणि क्षारयुक्त द्रावण देत राहणे एवढेच हाती असते, आणि थोड्या मोठ्या पिल्लांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

पुढच्या वेताचा विचार मात्र आजच करावा लागेल. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे पिल्लांपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे जन्मानंतर मिळणारा चीक आणि त्यामागून रोज मिळणारे दूध हेच त्यांचे संरक्षण असते. मादीला पूर्वी लागण झालेली असेल, तर तिच्या दुधातील प्रतिपिंडे पिल्लाच्या आतड्यातच विषाणूला अडवतात. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माद्यांच्या दुधात ती नसतात, आणि तुमच्याकडे बहुधा हेच घडले. दुधात ही प्रतिपिंडे यावीत म्हणून काही ठिकाणी गाभण माद्यांना बाधित पिल्लांची विष्ठा किंवा आतडी मुद्दाम खाऊ घालतात. तसे करण्यातून दुसरे आजारही पसरू शकतात, म्हणून पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

विषाणू मुख्यतः विष्ठेतून पसरतो. गमबूट, फावडे आणि विशेषतः जनावरे नेणारी गाडी यांवर चिकटलेला थोडासा मळही पुरेसा होतो. विष्ठेच्या थरावर जंतुनाशक ओतून उपयोग नाही: आधी खरवडून, साबणाने धुऊन काढावे, मग जंतुनाशक वापरावे आणि सर्व काही पूर्ण कोरडे होऊ द्यावे. हे कोरडे करणे घाईत राहून जाते, म्हणून ते आवर्जून सांगतो. लक्षणे थांबल्यानंतरही जनावरे काही काळ विषाणू बाहेर टाकतात, त्यामुळे सावरलेल्या माद्यांना इतक्यात नव्या गाभण माद्यांजवळ नेऊ नये आणि व्यालेल्या माद्यांच्या कक्षासाठी बूट व अवजारे वेगळीच ठेवावीत.