हुकलेला कार्यक्रम, स्विंडनचा मुलगा आणि सोप्यावरचा फोन

प्रश्न : गावच्या जत्रेच्या रात्री सह्याद्रीवर नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता, तो हुकला. नातू म्हणतो यूट्यूबवर बघ, सून म्हणते वेव्हज उतरवून घ्या. दोघांचं ऐकून झालं, कार्यक्रम काही सापडला नाही. नेमका बघायचा कुठे? आणि डेटा किती जाईल?
– एक वाचक, डिचोली

ताई, नातू आणि सून दोघंही बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत. वेव्हज हे प्रसार भारतीचं, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं ॲप. आपल्याच गोव्यात, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला ते सुरू झालं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात आणि जुन्या मालिकाही आहेत. बरंच काही फुकट, थोड्याला पैसे. यूट्यूब परक्याचं घर. तिथे सह्याद्रीने वाहिनी उघडली आहे, म्हणजे भाड्याच्या जागेत मांडलेलं दुकान म्हणा.

वेव्हजवर सह्याद्री लावली तर या घडीला जे चालू आहे ते दिसेल. परवाच्या रात्रीचं हवं असेल तर ते कुणीतरी वेगळं चढवून ठेवलेलं असायला हवं. आणि संगीताच्या बाबतीत तिथेच घोडं अडतं. कार्यक्रम पडद्यावर दाखवायची परवानगी एक, नेटवर कायम ठेवायची दुसरी. कलाकार, ध्वनिमुद्रिकेची कंपनी, नाटकाचे हक्क ज्यांच्याकडे ते, सगळ्यांचा होकार लागतो. एकाचा राहिला की कार्यक्रम टीव्हीवर येऊन गेला तरी नेटवर येत नाही. तुमचा कार्यक्रम अजिबात सापडला नाही, तर शोधण्यात तुम्ही कमी पडलात असं समजू नका.

तरी एकदा असा प्रयत्न करा. माझ्या सासूबाई फोनला तोंडाने ‘नाट्यसंगीत’ म्हणाल्या, तर फोनने लग्नाच्या वरातीची गाणी काढून दिली! मग मी गायिकेचं नाव देवनागरीत टाकलं, पुढे ‘सह्याद्री’ जोडलं आणि तिसऱ्या ओळीत नेमकं ते आलं. कार्यक्रमाचं नाव विसरलं तरी चालेल, गाणाऱ्याचं विसरू नका. पूर्वी निवेदिका सांगायची, ‘यानंतर पाहा’. आता ते सांगणारं कुणी नाही, त्यामुळे मागताना आपल्यालाच नाव ठाऊक हवं. सासूबाईंनी कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, गायकांची नावं लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. मला त्याहून चांगला उपाय सुचलेला नाही.

डेटाचं म्हणाल तर चित्राची स्पष्टता (क्वालिटी) ४८०पीवर ठेवा, तासाला साधारण अर्धा जीबी जातो. गाणंच ऐकायचं तर त्याहून खाली उतरवलंत तरी बिघडत नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तो बीबीसीचं काहीतरी लावून हुकलेले कार्यक्रम बघतो. तेच ॲप मी इथे घेतलं तर चालेल का? आणि ‘सोशल टीव्ही’ म्हणतात तो काय प्रकार?
– एक वाचक, मडगाव

चालणार नाही. ते आयप्लेअर. २५ डिसेंबर २००७ रोजी सुरू झालं, तेव्हा कार्यक्रम फक्त सात दिवस राहायचा, आता बरेचसे महिनोन्‌महिने राहतात. पण खर्च तिथले लोक टीव्ही परवान्याच्या रूपाने भरतात, आणि सप्टेंबर २०१६पासून आयप्लेअरवर मागाहून बघायलाही परवाना लागतो. म्हणून ते ब्रिटनच्या हद्दीतच चालतं. उलट सह्याद्रीच्या यूट्यूबवर आलेलं गाणं मुलगा स्विंडनमध्ये बसून खुशाल ऐकू शकतो. आपलं फुकट तिकडे जातं, त्यांचं इकडे येत नाही.

सोशल टीव्ही म्हणजे बघता बघता एकमेकांशी बोलणं, आणि वाहिनीने त्या बोलण्याला कार्यक्रमात जागा देणं. याचं मला सगळ्यांत आवडलेलं उदाहरण नॉर्वेचं. त्यांच्या सार्वजनिक वाहिनीने, एनआरकेने, २०११च्या जूनमध्ये बर्गनहून किर्केनेसला निघालेली बोट सलग १३४ तास थेट दाखवली. गोष्ट नाही, नट नाहीत, बोट आणि किनारा. लोक नेटवर नकाशा बघत, ट्विटरवर गप्पा मारत, आणि आपलं गाव जवळ आलं की झेंडे घेऊन धक्क्यावर उभे राहत. घरातला प्रेक्षक उठून पडद्यात गेला! आपली मांडवी नदीतली फेरीबोट कुणी अशी दाखवली तर मी तरी रात्रभर बघेन, बायको काय म्हणेल ते म्हणो.

आपल्याकडे हा प्रकार व्हॉट्सॲपवर चालतो. शिरोड्याला मावशीकडे संध्याकाळी बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, सोप्यावर चार बायका बसतात, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. एक पद संपलं की मावशी दुवा गटात टाकते, पाठोपाठ म्हापशाहून कुणीतरी लिहितं, ‘हे मी प्रत्यक्ष ऐकलंय, तेव्हा आवाज याहून बरा होता.’ मग अर्धा तास वाद. मुलाला तुमच्या गटात घ्या, त्याच्या आयप्लेअरची गरज उरणार नाही.

प्रश्न : डीडीवर क्रिकेट दिसतं, मग फोनवर तीच वाहिनी लावली की सामना का नाही?
– एक वाचक, साखळी

२००७च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागतात, पण दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि त्याच्या डीटीएचसाठी, म्हणजे फ्री डिशसाठी. नेट त्यात नाही. तिथले हक्क वेगळे विकले जातात, आणि ज्याने विकत घेतले तो फुकट कशाला देईल? तेव्हा फोन नवा घेतलात म्हणून छपरावरची फ्री डिशची छत्री भंगारवाल्याला देऊ नका.