आधी निरोगी शरीर शिक

नाशिक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा वॉर्डात त्या आजोबांच्या नडगीवर बोट दाबून तू खळगा दाखवलास आणि विचारलंस, "मॅडम, अंगात एवढं पाणी साचलंय, किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत, मग ती ते टाकत का नाही?" राउंड चालू होता, कुणी उत्तर दिलं नाही, तू ओशाळलीस. रात्री तुझा मेसेज आला, हार्ट फेल्युअरची लक्षणं पाठ होत नाहीत, मला हे झेपणार नाही. असा प्रश्न पडणारी मुलगी पाठांतरासाठी रडते, याचा मला राग आला.

यादी बाजूला ठेव. आधी निरोगी शरीर काय करतं ते सांग. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. अंगात एकूण पाणी किती, हे किडनीला मोजता येत नाही. तिला कळतो तो आपल्यापर्यंत पोहोचलेल्या रक्ताचा दाब. जुलाबाने किंवा रक्तस्रावाने तो उतरला की ती रेनिन नावाचं एन्झाइम सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन, मग अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स, आणि मीठ-पाणी राखलं जातं. याच सोयीवर माणूस तगतो.

आता आजोबांकडे ये. हृदयाचा जोर ओसरलाय, किडनीपर्यंत रक्त कमी येतंय. तिच्या लेखी रक्त वाहून गेलंय, म्हणून ती इमानाने पाणी राखते. शिरांतला दाब चढतो, पाणी बाहेर झिरपून पायात उतरतं. आडवं झालं की तेच रक्तात परत येऊन फुप्फुसांवर चढतं. रोज सकाळी वजन का करायचं, मीठ का तोडायचं, झोपताना दोन उशा का लागतात, बीपी बेताचंच असताना ही साखळी तोडणारी गोळी का देतात, ते आता तूच सांगशील. यात पाठ करायचं काय उरलं?

फवारणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडून ओपी पॉइझनिंगचा, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचा, पेशंट येतो. तोंडाला फेस, डोळ्यांत पाणी, घाम, जुलाब, मंद नाडी, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली. मुली ही यादी घोकतात. पुन्हा तेच सांगते, आधी निरोगी शरीर! मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप पोहोचवणारं रसायन सुटतं आणि एक एन्झाइम क्षणात ते मोडून टाकतं. कीटकनाशकाने ते एन्झाइमच अडवलं. मग ग्रंथी थांबायचं नाव घेत नाहीत. अ‍ॅट्रोपिनने छातीतले स्राव सुकतात, नाडी वाढते. पण स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळे, तिथे ते लागू पडत नाही, म्हणून अडकलेलं एन्झाइम सोडवणारं पॅम देतात. छाती कोरडी झाली तरी मान उचलता येते का, श्वास किती खोल आहे, हे बघत राहायचं ते याचसाठी. ज्या सिस्टरला हे उमगलंय, ती व्हेंटिलेटरची वेळ आधी ओळखते.

माझ्याबद्दल तक्रार आहे की मी पोर्शन संपवत नाही, पॅथॉलॉजीच्या, म्हणजे रोगांच्या, तासाला फिजिऑलॉजी, म्हणजे निरोगी शरीराचं काम, उगाळते. उगाळते, आणि उगाळत राहणार. आम्हाला रोग फळ्यावरून उतरवून दिले गेले. त्यांची निरोगी शरीराशी सांगड मला नोकरी लागल्यावर, कॉटपाशी उभं राहून घालावी लागली. किती पेशंटांना तोवर मी नुसत्या सूचना देत राहिले, कारण सांगू शकले नाही, याची हळहळ जात नाही. तुमच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून चार धडे मागे पडले तरी चालतील.

विद्यापीठाच्या पेपरात यादीच विचारतात, असं तू म्हणशील. लिही ना यादी! कारण माहीत असलेल्या मुलीला ती परीक्षेच्या हॉलमध्ये बसून जुळवता येते. घोकलेली मात्र एक ओळ सुटली की पुढचं सगळं पुसलं जातं. आणि वॉर्डातला पेशंट पुस्तकातल्या क्रमाने आजारी पडत नाही, हे तू पाहिलंच आहेस.

रविवारी दुपारी घरी ये. डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे मधुमेहात रक्त आम्ल होतं तो प्रकार, घेऊ. त्याची लक्षणं वाचून येऊ नकोस, मी ऐकणार नाही. निरोगी माणूस उपाशी राहिला तर ऊर्जेसाठी चरबी कशी वापरतो आणि त्या वेळी इन्सुलिन काय करत असतं, एवढंच एका पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून आण. जेवून येऊ नकोस.

तुझी,
मॅडम