काकांची बाहुली कुरिअरने पाठवू नका

प्रश्न : माझे दिवंगत काका जहाजावर होते. 1986 साली त्यांनी पेरूतल्या कायाओ बंदरातून वीतभर उंचीची बाहुली आणली. आत बोरूच्या काड्या, वर गुंडाळलेलं सूत, चेहरा विणलेला. आम्ही ती गौरीच्या सजावटीत मांडायचो. आता जर्मनीतलं एक गिऱ्हाईक ‘चान्काय (पेरूतले प्राचीन लोक) बाहुली, हजार वर्षं जुनी’ म्हणून चांगली किंमत देतंय. कुरिअरने पाठवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाठवू नका, निदान एवढ्यात तरी.

तुम्हाला धास्ती वाटत असेल तर ती पेरूच्या कायद्याची, पण पहिली आडकाठी आपल्याच कायद्याची आहे. 1972 च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमात शंभर वर्षांची कलावस्तू म्हणजे पुरावशेष. ती कुठल्या देशात घडली, हे व्याख्या विचारतच नाही. कलम 3 प्रमाणे पुरावशेषाची निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था करू शकते. खासगी माणसाने केली तर कलम 25 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड.

आता ती खरंच जुनी आहे का? चान्काय लोक पेरूची राजधानी लिमाच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर साधारण इ.स. 1000 ते 1470 या काळातले. तिथे पाऊस जवळपास नाहीच, म्हणून थडग्यांतलं कापड टिकलं. त्याच थडग्यांतल्या चिंध्या नव्या काड्यांवर नेसवून केलेल्या बाहुल्याही पर्यटकांना सर्रास विकल्या जातात. कापड अस्सल, बाहुली कालची! काकांची यातलीच असेल, असा माझा कयास. तसं असताना ‘हजार वर्षांची’ म्हणून विकलीत, तर फसवणुकीचा गुन्हा तुमच्या गळ्यात. भारतीय न्याय संहिता, कलम 318.

अस्सल निघाली तर गुंता वाढतो. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणारा 1970 चा युनेस्को करार भारताने 1977 मध्ये स्वीकारला, पेरूने 1979 मध्ये. काकांची खरेदी त्यानंतरची, म्हणजे पेरूला ती राजनैतिक मार्गाने मागायला जागा आहे.

घरात ठेवायला मात्र घाबरू नका. नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशांना आहे, कापडी बाहुलीला नाही.

गिऱ्हाइकाला थांबवा. बाहुलीचे फोटो, पावती असल्यास ती, आणि काकांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंद-पुस्तक (त्या वर्षीच्या जहाजाची नोंद त्यात सापडेल) घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे चौकशी करा. कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. वस्तू पुरावशेष आहे की नाही, यावर कलम 24 खाली महासंचालकांचा निर्णय अंतिम. तो लेखी हातात येईपर्यंत व्यवहार नको, आणि बाहुली धुऊ किंवा उसवूही नका.