मोफत उपचार सर्वांना मिळाले, तर गरीब आणि श्रीमंतांच्या मृत्युदरातील तफावत नाहीशी होईल का?

नाही, तफावत काही प्रमाणात कमी होईल, पण नाहीशी होणार नाही. कारण तिचा मोठा भाग माणूस दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच तयार झालेला असतो. याचा सर्वांत परिचित पुरावा लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातून मिळतो. 1967 मध्ये सुरू झालेल्या या पाहणीतील सर्व पुरुषांना ब्रिटनची मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा उपलब्ध होती, कोणीही बेकार नव्हते, तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई व निरोपे यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळले. माझ्या मते याहून महत्त्वाची बाब अशी की, हा फरक केवळ दोन टोकांमध्ये नव्हता, तर श्रेणी जसजशी खाली उतरत गेली तसतसे मृत्यूचे प्रमाण वाढत गेले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आदी घटकांचा हिशेब केल्यावरही निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला. तो का, यावर मतभेद आहेत. कामावरील नियंत्रणाचा अभाव, दीर्घकालीन ताण, बालपणातील पोषण आणि घराची स्थिती ही कारणे प्रामुख्याने मांडली जातात. मात्र हा निष्कर्ष सर्वच रोगांना सरसकट लावता येणार नाही. बाळंतपणातील रक्तस्राव किंवा क्षयरोग यांत वेळेवर मिळालेले उपचारच बहुधा जगणे-मरणे ठरवतात, आणि तेथे मोफत सेवेचा परिणाम निश्चितच मोठा असतो.