नाकाबंदीवर अडवलेल्या मुलाने काय बोलावे?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावीत शिकतो. क्लासवरून सायकलने घरी येताना सांगली-मिरज रस्त्यावरील नाकाबंदीत त्याला थांबवले, सॅक रिकामी करायला लावली आणि मोबाइल उघडून त्यातले फोटो व संदेशही पाहिले. काही सापडले नाही म्हणून सोडून दिले. तेव्हापासून घरात वाद चालू आहे. वॉरंटशिवाय झडती घेताच येत नाही, असे मुलगा परदेशी मालिका पाहून सांगतो. पोलिसांशी हुज्जत घालू नये, ते म्हणतील तिथे सही करून मोकळे व्हावे, असे त्याचे वडील बजावतात. 2017 साली सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला होता. ते आठवले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मुलाला नेमके काय शिकवावे?
— एक माता, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. दोघांच्याही सल्ल्याने मुलगा अडचणीत येऊ शकतो आणि सहीचा सल्ला तर फारच धोक्याचा आहे.

आधी वॉरंटचे पाहू. अकारण झडतीपासून संरक्षण देणारी तरतूद अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथ्या दुरुस्तीने आली. आपल्या राज्यघटनेत तसे स्वतंत्र कलम नाही. आपल्याकडे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे कलम 21 आहे आणि खासगीपणाचा हक्क त्यातच सामावलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. मात्र झडती केव्हा आणि कशी घ्यायची, हे मुख्यतः वेगवेगळ्या कायद्यांनी ठरते. अमली पदार्थांसारख्या गुन्ह्याचा सबळ संशय असेल, तर सार्वजनिक ठिकाणी अधिकाऱ्याला वॉरंटशिवायही झडती घेता येते. त्यामुळे ‘आधी वॉरंट दाखवा’ म्हणत मुलाने सॅक ओढून धरली, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा अंगावर यायला वेळ लागत नाही.

मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. गुन्ह्याच्या तपासात तो रीतसर जप्त करता येतो. पण कोणताही गुन्हा नसताना वाटेत उभे करून कोणाचेही खासगी संदेश चाळण्याचा सर्वसाधारण अधिकार पोलिसांना कायद्याने दिलेला नाही. मुलाने फोन हिसकावून घेऊ नये. ‘साहेब, माझी याला संमती नाही, आधी घरी फोन करू द्या,’ एवढे शांतपणे म्हणावे आणि हात खाली ठेवावेत. तरीही फोन पाहिला गेला, तर अधिकाऱ्याच्या छातीवरील नावपट्टी, वेळ आणि जागा लक्षात ठेवून घरी आल्याबरोबर लिहून काढावे, म्हणजे पुढे पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करताना काही सुटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे वाक्य, जे मुलाकडून तोंडपाठ करून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन : ‘मी सोळा वर्षांचा आहे, माझ्या आईवडिलांना कळवा.’ बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त संरक्षण मिळते. गुन्ह्याच्या संशयावरून ताब्यात घेतलेल्या बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या ताब्यात द्यावे लागते, पालकांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार त्याला बेड्या घालता येत नाहीत, कबुलीसाठी दबाव आणता येत नाही आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही मागता येत नाही. हे सारे संरक्षण वयावर अवलंबून असल्यामुळे जन्मतारीख असलेले कॉलेजचे ओळखपत्र सॅकमध्ये कायम असू द्यावे. सहीचा सल्ला त्याच्या वडिलांनी मागे घ्यावा आणि तो मुलाच्या समोरच मागे घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

नाव, पत्ता आणि वय विचारले तर मुलाने खरे सांगावे. राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, परंतु त्याचा अर्थ नावही सांगू नये असा होत नाही. आणखी एक : तो उद्या परवान्याशिवाय तुमची दुचाकी चालवताना सापडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकालाच 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेवढे शिस्तीने टाळावे.

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. पोलीस आणि हक्क हा विषय नववी-दहावीच्या मुलांपुढे मांडताना सुरुवात कोठून करावी? मुलींना वेगळे काय सांगावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, माझ्या मते कलमांच्या यादीऐवजी पंचनाम्यापासून सुरुवात करावी. एखाद्या घराची झडती वर्गात मांडून दाखवावी : दोन मुले पंच, एक घरमालक, एक अधिकारी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार त्याच परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच बोलवावे लागतात, घरातील व्यक्तीला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे लागते, जप्त वस्तूंची यादी करून तिची प्रत द्यावी लागते आणि संपूर्ण झडतीचे चित्रीकरण करावे लागते. यादीत कंपासपेटी लिहिलीच नाही, असा प्रसंग मुद्दाम घडवावा आणि पुढे काय होईल ते मुलांनाच विचारावे. पंचनाम्याचा कागद कशासाठी असतो, हे त्यांना त्यातूनच उमगते. अटकेचे कारण कळण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा राज्यघटनेच्या कलम 22 मधील हक्क त्यानंतर सांगितला, तर तो चांगला ध्यानात राहतो.

मुलींना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. त्यांची अंगझडती स्त्रीनेच आणि शालीनतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यायची असते. साक्षीदार म्हणून माहिती हवी असेल, तर त्यांना पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. पंधरा वर्षांखालील मुलग्यांनाही हाच नियम लागू आहे. स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. अडचणीतील मुलांसाठी 1098 आहे. हे दोन्ही क्रमांक फळ्यावर लिहून वह्यांमध्ये उतरवून घ्यावेत. मुख्याध्यापकांच्या सहीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र पाठवून शाळेत कायदेविषयक शिबिर घेण्याची विनंतीही करता येईल. त्या दिवशी ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यालाही बोलवावे आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्यावेत.