एमआरआय नॉर्मल आहे, मग मी विसरते का?

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आलाय. म्हणजे घरचे म्हणतात तसं मी नाटकच करते, असंच ना?" एमआरआयची मोठी पिशवी माझ्या टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं. त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चीत गप्प बसले होते.

वय चाळिशीच्या आतलं, शाळेत व्याकरण शिकवतात. फिट्सचा त्रास अकरा वर्षांपासूनचा. गोळ्या नेमाने घेतात आणि मोठी फिट दोन वर्षांत आलेली नाही. पण हल्ली बोलता बोलता साधा शब्द हरवतो. एकदा फळ्यावर 'सर्वनाम' लिहायचं होतं. खडू फळ्याला टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या, शब्द काही आला नाही. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला. त्या दिवशी घरी येऊन त्या खूप रडल्या. इतक्या लवकर स्मृतिभ्रंश सुरू झाला की काय, ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार असलेल्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण 'नॉर्मल' या एका शब्दाने माणसाची तक्रारच खोटी ठरवली जाते. एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो: गाठ, जुना व्रण, जन्मजात दोष, आकसलेला भाग. तो भाग काम कसं करतो, हे त्या फिल्ममध्ये उमटत नाही. फिट्स येणाऱ्या कितीतरी जणांचा एमआरआय स्वच्छ असतो. शिवाय काही बदल इतके बारीक असतात की एकट्याच्या फिल्मवर ते डोळ्यांना दिसणारच नाहीत. २०१८ साली २४ केंद्रांनी मिळून २,१४९ रुग्णांच्या मेंदूची चित्रं १,७२७ निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून पाहिली. तेव्हा कुठे सरासरीत मेंदूची साल, म्हणजे बाहेरचा थर, ठिकठिकाणी किंचित पातळ असल्याचं दिसलं.

म्हणून आधी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूचं काम चाचण्यांनी तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, स्मरणशक्तीची चाचणी करून घेतली. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवले. पाचव्या फेरीला त्यांनी अकरा सांगितले, म्हणजे शिकता येत होतं. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं तर चारच उरले होते. पण गुंतागुंतीची एक आकृती मात्र त्यांनी आठवून जवळजवळ जशीच्या तशी काढली. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, डाव्या कानशिलाकडच्या भागातून ठिणग्या दिसत होत्या, आणि बहुतेकांच्या बाबतीत शब्दांची आठवण त्याच बाजूवर जास्त अवलंबून असते. चाचणीचा कागद समोर धरून मी म्हटलं, "ताई, हे नाटक नाही. तुमचं विसरणं इथे मोजलं गेलंय." त्या कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. शब्द अडकायला लागले साधारण आठ महिन्यांपूर्वी. टोपिरामेट या त्यांच्या फिट्सवरच्या गोळीचा डोस वाढला तोही त्याच सुमारास. नेमका शब्द न सापडणं हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, पण या दोन गोष्टी जोडून पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेले यजमान बोलले, "रात्री ही कधी कधी ओठ चाटते, चघळल्यासारखं करते. सकाळी उशी लाळेने ओली असते. स्वप्न पडत असेल, म्हणून मी बोललो नाही." मला वाटतं, त्या तासातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. दिवसा फिट नाही म्हणून आजार आटोक्यात आहे असं सगळे धरून चालले होते आणि रात्री बहुधा छोट्या फिट्स चालूच होत्या. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, नेमकं तिथेच विघ्न. भीतीमुळे झोप उडालेली आणि मन खचलेलं, त्यानेही स्मरणशक्ती मंदावतेच.

घरी जाताना मी एकच गोष्ट दोनदा बजावली: गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही, बंद तर मुळीच नाही. तसं केल्याने जिवावर बेतणाऱ्या, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. हे सगळं टिपण घेऊन दोघं न्यूरोलॉजिस्टकडे गेले. डॉक्टरांनी रात्रभराचा व्हिडिओ ईईजी काढला. त्यात रात्रीच्या फिट्स पकडल्या गेल्या आणि औषध हळूहळू बदललं. स्मृतिभ्रंशासारखी चिन्हं चाचणीत नव्हती, तरी वर्षाने ती पुन्हा करायची ठरली. घसरण होते आहे का, हे दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.

सहा महिन्यांनी दोघं परत आले. रात्रीच्या नोंदींची वही यजमानांच्या हातात होती. शब्द अजून अधूनमधून अडकतात, पूर्वीइतके नाहीत. आता तास सुरू होण्याआधी त्या दिवसाचे पाच-सहा शब्द त्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात. मुलांना वाटतं, ते त्यांच्यासाठीच आहेत.