फाटक तुमचं, भिंतीसमोरचा रस्ता नाही

प्रिय माई,

आम्ही बडोद्याला कारेलीबागेत राहतो. जुनी टेनामेंटची सोसायटी, सासऱ्यांनी घेतलेलं घर. समोर मराठीच कुटुंब आहे, तीस वर्षांची ओळख. काकांकडे पूर्वी एकच गाडी होती. आता त्यांची एक, मुलाची एक आणि मुलानं ट्रॅव्हल्सला लावलेली एक, अशा तीन झाल्या. 2024 च्या पुरात त्यांची गाडी बुडाली. तेव्हापासून एक तरी गाडी आमच्या बाजूला असतेच, कारण आमची बाजू थोडी उंच आहे. कधी भिंतीला लागून असते, कधी अर्धी फाटकावर. जूनमध्ये सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीला जायचं तर रिक्षा दाराशी लागत नाही. वॉकर घेऊन त्यांना गाडीच्या कडेकडेनं रस्त्यावर यावं लागतं. आम्ही कुंड्या मांडल्या, साखळी लावली, 'नो पार्किंग'ची पाटीही टांगली. काकांनी कुंड्या सरकवून गाडी लावली आणि वर म्हणाले, "रस्ता काय तुमच्या नावावर आहे का?" आमचे हे म्हणतात, जाऊ दे, शेजारी आहेत. मागच्या आठवड्यात माझ्या मुलानं (वय 19) रात्री त्यांच्या टायरची हवा सोडली. त्यांना संशय आहे, पण बोलले नाहीत. गौरी-गणपती तोंडावर आलेत. दरवर्षी काकू आमच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला असतात. यंदा बोलवावं की नाही? आणि पोलिसात जाऊ का?

— कंटाळलेली सूनबाई

सूनबाई,

पोलिसांचं नंतर बघू. आधी तुम्हाला न आवडणारं सांगते. काकांचं ते वाक्य उद्धट होतं, पण निम्मं खरं होतं. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच मोळी बांधली आहे. एक फाटकाची, दुसरी भिंतीची.

फाटकाच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. दुसऱ्याच्या घराची ये-जा अडेल अशी गाडी लावायची नाही, हे 2017 च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांत आहे, त्याआधीच्या 1989 च्या नियमांतही होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशी गाडी उभी करून जायचं नाही. अर्धं फाटक अडवलं तरी ते अडवणंच. घरात ऑपरेशन झालेलं माणूस आहे की नाही, याच्याशीही त्याचा संबंध नाही. उद्या सासूबाई टुणटुणीत झाल्या तरी फाटक मोकळंच राहिलं पाहिजे.

भिंतीचं तसं नाही. तुमच्या कंपाउंडच्या बाहेरची डांबराची पट्टी तुमची नाही, ती तुमच्या घरासमोर आहे एवढंच. तिथे वाट न अडवता कोणी गाडी लावली तर तुम्हाला राग येऊ शकतो, हक्क सांगता येत नाही. तुम्ही टांगलेल्या पाटीला सूचनेपलीकडे किंमत नाही. कुंड्या आणि साखळी तर उलट तुमच्याच अंगावर येतील. रस्त्यावर अशी वस्तू मांडणं हे महानगरपालिकेच्या 1949 च्या कायद्यानुसार अतिक्रमण ठरतं. तक्रार झाली आणि दबाण शाखेचा, म्हणजे अतिक्रमण हटवणाऱ्यांचा, टेम्पो आला, तर आधी तुमची तुळस आणि मोगरा चढेल, काकांची गाडी तशीच राहील. म्हणून बोलणी करायला जाण्याआधी त्या कुंड्या आत घ्या. 'ही आमची जागा' म्हणत गेलात तर काका तुम्हाला दोन मिनिटांत गप्प करतील. 'हे आमचं फाटक' म्हणत गेलात तर त्यांच्याकडे उत्तर नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: पुरात त्यांची गाडी बुडाली आणि तुमची बाजू उंच आहे.

2024 चा ऑगस्ट बडोद्यात कोण विसरलंय? काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि तेव्हा पाणी 35 च्या वर गेलं होतं. खालच्या मजल्यावरचे फ्रिज, गाद्या, देव्हारे वर नेताना लोकांची दमछाक झाली होती. त्यानंतर आजवा तलाव भरत आला की अर्ध्या शहराचं लक्ष गाडीकडे जातं. काका तुमच्या बाजूला गाडी लावायला लागले ते या भीतीनं. पुढे भीतीची सवय झाली आणि सवयीचा हक्क झाला. जानेवारीत, उत्तरायणाच्या कोरड्या ठणठणीत दिवसांतही गाडी तिथेच असेल, तर ती नदीच्या भीतीनं नाही, आळसानं आहे. पण सुरुवात कशानं झाली ते ठाऊक असलं, की बोलायला दार सापडतं.

दार असं. काकांना सांगा: "पाणी वाढायला लागलं की आमच्या भिंतीला खुशाल गाडी लावा, विचारायचीही गरज नाही. एरवी लावलीत तरी भिंतीपाशी चालेल. फक्त फाटक पूर्ण मोकळं हवं, दिवसा आणि रात्रीही. रिक्षा दाराशी लागली पाहिजे आणि 108 बोलवावी लागली तर ती आत आली पाहिजे." शेवटचं वाक्य गाळू नका. 108 ची गाडी गल्लीत अडकून पडण्याची भीती साठी ओलांडलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, आणि काकांच्या घरीही उद्या तीच गाडी यायची वेळ येऊ शकते. ते मात्र तुम्ही बोलून दाखवू नका, त्यांचं त्यांना सुचेल.

कुठे बोलायचं? रस्त्यावर, गाडीपाशी उभं राहून अजिबात नाही. तिथे चार खिडक्या उघडतात आणि मग माणूस गाडीसाठी कमी, अब्रूसाठी जास्त भांडतो. त्यांच्या घरी जा, बसा, चहा घ्या. फोनवर मेसेज पाठवू नका, सोसायटीच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. तिथे फाटकाचा फोटो टाकलात की काकांच्या बाजूचे तिघे आणि तुमच्या बाजूचे चौघे उभे राहतील, आणि कुणीतरी 2011 मधली पाण्याच्या टाकीची भांडणं उकरून काढेल. मुलगा घरात असेल अशी वेळ निवडा. तीनपैकी दोन गाड्या त्याच्या आहेत. काकांनी कबूल केलं आणि त्यानं रात्री एक वाजता विमानतळावरून येऊन टॅक्सी फाटकावर लावली, तर पहिल्यापासून सुरुवात. एकमेकांचे नंबर गाडीच्या काचेवर ठेवायचं ठरवा. रात्री उठवायची वेळ आली तर बेल वाजवत बसावं लागत नाही.

पण या सगळ्याआधी तुमच्या चिरंजीवांचं काय ते उरका. हवा सोडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आज समोरच्या प्रत्येक दुसऱ्या घरावर कॅमेरा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये आगळीक या गुन्ह्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दुसऱ्याच्या वस्तूचा उपयोग कमी करणंही येतं. मुलगा 19 चा आहे, म्हणजे कायद्यानं लहान नाही. उद्या परदेशी शिकायला निघाला आणि पासपोर्टच्या तपासणीत असलं काही पुढे आलं, तर एका टायरच्या हवेपायी केवढा उपद्व्याप! शिवाय काका गप्प बसलेत ते विसरले म्हणून नव्हे. तुम्ही पार्किंगचा विषय काढलात की ते टायरचा काढतील, आणि तुमची खरी तक्रार तिथेच संपेल. म्हणून मुलाला एकट्याला पाठवा, तुमच्या आधी एक-दोन दिवस. "काका, हवा मी सोडली होती, चुकलं माझं, पुन्हा होणार नाही." एवढंच. 'पण तुम्हीसुद्धा' असं शेपूट लावायचं नाही. तो कुरकुर करेल, करू दे.

तुमच्या यजमानांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण तिच्यात बरंच काही आहे. 'जाऊ दे' म्हणणं त्यांना सोपं जातं, कारण वॉकर धरून आईला गाडीच्या कडेनं नेणारे हात तुमचे आहेत. एकदा फिजिओथेरपीला त्यांनाच जाऊ द्या. रजा घ्यावी लागली तर घेऊ देत. काकांशी बोलायला जाताना ते बरोबर असायला हवेत, आणि पहिलं वाक्य त्यांनी बोलायला हवं. त्यांच्या वडिलांचं घर आहे, काकांशी तीस वर्षांची ओळख त्यांची आहे. सून एकटी गेली की 'सूनबाई भांडकुदळ निघाली' हे तयारच असतं आपल्याकडे. अन्याय आहे, पण आहे.

तीन गाड्यांना जागा कुठून येणार, हाही प्रश्न आहेच. आपल्या जुन्या टेनामेंट सायकल आणि बजाज स्कूटरच्या जमान्यातल्या. ज्या मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, एक गाडी मावली असती, तिथे पुढे कुणी मुलाची खोली काढली, कुणी स्वयंपाकघर वाढवलं. काकांकडेही तसंच झालं असेल तर मला नवल वाटणार नाही. त्यावर बोट ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. 2022 च्या कायद्यानं इम्पॅक्ट फी, म्हणजे बांधकाम नियमित करून घ्यायचं शुल्क, भरून पुष्कळांनी असली बांधकामं नियमित करून घेतली आहेत, आणि मार्जिनची मापं काढायला निघालं की पहिलं माप तुमच्याच ओट्याचं निघू शकतं.

त्यापेक्षा कॉमन प्लॉटकडे, सोसायटीच्या सामायिक मोकळ्या जागेकडे, बघा. तो रात्री रिकामा असतो का? ट्रॅव्हल्सची गाडी तिथे ठेवता येईल का? सोसायटीच्या मंत्र्यांना (म्हणजे सेक्रेटरींना) आणि प्रमुखांना लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. अर्जात काकांचं नाव नको. 'एका घराच्या दोनपेक्षा जास्त गाड्या कॉमन प्लॉटवर, कोणत्याही फाटकासमोर गाडी नाही' असा ठराव सगळ्यांसाठी मागा. घाई यासाठी की गणपतीचा मांडव आणि नंतर नवरात्रातला गरबा कॉमन प्लॉटवरच होणार. त्या दिवसांत तिथल्या सगळ्या गाड्या गल्लीत येतील आणि तुमचं फाटक पुन्हा कुणाच्या ना कुणाच्या बंपरखाली जाईल. आधी ठरलेलं असलं तर निदान बोलायला आधार राहतो.

मंत्र्यांकडे गेलातच आहात तर मंजूर लेआउटही बघून घ्या. तुमच्या घरासमोरचा रस्ता सोसायटीचा अंतर्गत आहे की महानगरपालिकेचा टीपी (नगररचना योजनेतला) रस्ता, ते त्यात कळेल. पोलिसात जाऊ का, याचं उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. रस्ता महानगरपालिकेचा असेल तर वाहतूक शाखा वाट अडवणारी गाडी क्रेननं उचलू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मध्ये तशी तरतूद आहे. न्याय संहितेच्या कलम 285 खाली सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. रस्ता सोसायटीचा असेल तर पोलीस तुम्हाला आधी सोसायटीकडेच पाठवतील. तिथेही दाद मिळाली नाही, तर 1961 च्या सहकारी कायद्याखाली नॉमिनी बोर्डापुढे, म्हणजे सहकारी संस्थांचे वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे, जाता येतं, पण ती वाट लांबची आहे आणि गाडीच्या भांडणासाठी मी तरी कुणाला तिथे पाठवणार नाही.

तर पोलिसात जायचं की नाही? बोलून झालं, लेखी अर्ज झाला, तरीही फाटक अडतंय, अशी वेळ आली तर जा, आणि तेव्हा बिचकू नका. आतापासून फाटक अडलेलं दिसेल तेव्हा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. फक्त फाटकाचे. भिंतीपाशी लावलेल्या गाडीचे फोटो जमवलेत तर तुमचीच बाजू हलकी होईल. आणि सासूबाईंना तातडीनं न्यायची वेळ आली, फाटकावर गाडी असली, तर शेजारधर्म, ठराव, अर्ज काही बघायचं नाही. सरळ पोलिसांना फोन करायचा.

उरल्या काकू. त्यांना बोलवा. बोलणी फिसकटली तरी बोलवा. गाडी त्यांनी लावलेली नाही, आणि तीन गाड्यांपैकी एकीची किल्ली तरी त्यांच्या हातात असते का, मला शंका आहे. गौरीजेवणाला ताटावर पार्किंगचा विषय काढू नका, टोमणाही नको, 'यंदा दारात रांगोळी काढायला जागा मिळाली बाई' असला तर मुळीच नको. काकूंना सासूबाईंशेजारी बसवा. ऑपरेशननंतर त्या अजून भेटायला आल्या नसतील, तर त्यांना वॉकर पहिल्यांदा तिथे दिसेल. संध्याकाळी घरी जाऊन त्या नवऱ्याला आणि मुलाला काय सांगतील, ते त्यांच्यावर सोडा.